तलंग अंड्यावर येते तेव्हा

तलंग अंड्यावर यायला झाली की आधी तिचा तुरा बोलतो. महिनाभरापूर्वी फिकट गुलाबी, आखडलेला असलेला तुरा भरतो, लालभडक होतो. गळ्याखालच्या पाळ्या लोंबायला लागतात. कालपर्यंत माणसाची सावली पडली तरी पंख फडफडवत पळणारी ही पोर आता हात पुढे केला की पाय दुमडून, पंख जरासे पसरून जागीच दबून बसते. चुलीमागची सांद, सरपणाचा ढीग, ओसरीवर टाकलेलं गोणपाट, सगळे आडोसे चोच घालून पारखत फिरते. घशातून लांबट, रडका सूर काढत राहते. घरातली जाणती बाई तिला अलगद उचलते आणि शेपटीखालच्या दोन हाडांच्या मध्ये बोटं ठेवून पाहते. एकच बोट मावलं तर अजून अवकाश आहे. दोन-तीन मावली तर अंडं आता दूर नाही.

पिल्लू आणि कोंबडी यांच्या मधल्या या वयाला मराठीत ‘तलंग’ हा वेगळा शब्द आहे. त्या शब्दामागे घरचा हिशेब आहे. पाहुणा अवचित आला आणि कोंबडी कापायची वेळ आली, तरी तलंगीवर सुरी चालवायला घरची बाई सहसा तयार होत नाही. सहा-सात महिने घारीपासून, मुंगसापासून, मांजरापासून राखलेल्या जिवाचं पहिलं उत्पन्न आता कुठे हाती येणार असतं.

बाहेरून दिसतं त्याहून मोठी तयारी आत चाललेली असते. कोंबडीच्या शरीरात अंडाशय दोन बाजूंना अंकुरतात, पण वाढतो तो फक्त डावा. पहिलं अंडं यायच्या दहा-पंधरा दिवस आधी त्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे पायाच्या पोकळ हाडांच्या आत चुन्याचा एक नवा, भुसभुशीत थर साचू लागतो. एका कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि ते कवच वीसेक तासांत उभं करायचं असतं. त्या तासांतली रात्र उपाशीच जाते, म्हणून ही आगाऊ साठवण. अंडी थांबली की थर विरून जातो. उत्खननात सापडलेल्या कोंबडीच्या हाडात तो थर दिसला, तर ती मेली त्या दिवसांत अंड्यावर होती, हे हजारो वर्षांनंतरही सांगता येतं. २००५ मध्ये तर अमेरिकी संशोधकांनी एका टायरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडात अशाच थराच्या खुणा दाखवल्या. सरपणामागे आडोसा शोधणाऱ्या तलंगीचं नातं इतकं लांब पोचतं.

जवळचं नातं मात्र रानकोंबडीशी आहे. लाल रानकोंबडी वर्षाला दहा-पंधराच अंडी घालते. चार-सहा अंडी झाली की त्यांवर बसते, पिल्लं काढते, त्यांना हिंडवते. आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवणारा रानकोंबडा तो नव्हे, तो करडा. फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर सोनेरा याच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलं आहे. हाच पाळीव कोंबड्यांचा पूर्वज असं सोनेराला वाटत होतं. १८६८ साली चार्ल्स डार्विननं पाळीव प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात ते खोडून काढलं आणि सगळ्या कोंबड्या लाल रानकोंबड्यापासून आल्या असा निर्वाळा दिला. पुढे १४० वर्षांनी, २००८ मध्ये, कोंबडीच्या पिवळ्या कातडीमागचं जनुक तपासलं गेलं आणि ते करड्या रानकोंबड्याकडून आलेलं निघालं. बाकीचा वारसा लालकडून, पिवळे पाय करड्याकडून. म्हणजे बाजारात कोंबडीचे पिवळेधमक पाय पाहून भाव ठरवणारा गिऱ्हाईक नकळत दक्षिण भारतातल्या आणि सह्याद्रीतल्या रानाचीच पारख करत असतो.

कोंबडी माणसाच्या अंगणात आली ती बहुधा दाण्याच्या मागे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, पाळीव म्हणता येतील अशा कोंबड्यांची सर्वांत जुनी खात्रीची हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणी मिळतात. काळ इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० च्या दरम्यानचा. तिथे भात आणि राळ्यासारखी धान्यं पिकू लागली, खळ्यावर दाणे सांडू लागले आणि रानातले पक्षी गावाच्या कडेला रेंगाळू लागले.

पण ती आली तेव्हा अंड्यांसाठी आली नव्हती. दहा-पंधरा अंड्यांसाठी कोण कोंबडी पाळील! झुंज, शकुन, पहाटेची बांग, नवल म्हणून जवळ बाळगलेला एक देखणा पक्षी, अशीच तिची सुरुवातीची ओळख होती. ज्यूलियस सीझरनं ब्रिटनमधल्या लोकांविषयी लिहून ठेवलंय की ते कोंबडी पाळतात पण खाणं निषिद्ध मानतात. आपल्याकडे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य असलेल्या पदार्थांत लसणाच्या शेजारी ‘ग्रामकुक्कुट’ बसवला आहे. शब्द नीट पाहण्यासारखा आहे. कोंबडा गावचा असेल तर वर्ज्य, रानातल्याचं नाव त्या यादीत नाही. उकिरडा उकरणारा पक्षी त्या काळी घराघराच्या आजूबाजूला भरपूर असला पाहिजे, नाहीतर त्याला वेगळं नाव देऊन बंदी घालायची गरज पडली नसती.

दहा-पंधरा अंड्यांवरून पुढचा पल्ला कोंबडीच्या एका खोडीमुळे गाठता आला. काही पक्षी ठरावीक अंडी घालून थांबतात, मग कुणी ती चोरो की राहोत. कोंबडीचं तसं नाही. घरट्यातली अंडी उचलत गेलं तर तिचा कोटा भरल्यासारखं तिला वाटत नाही आणि ती घालतच राहते. गावोगावच्या बायकांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. टोपलीतून रोजचं अंडं काढताना एक मागे ठेवायचं, म्हणजे कोंबडी जागा सोडत नाही आणि अंडीही थांबत नाहीत. नवख्या तलंगीला जागा दाखवायलाही हाच उपाय. टोपलीत एक अंडं दिसलं की ती तिथेच बसते, कुंपणाच्या काटेरी झुडपात अंडी लपवत नाही. आज हौसेनं कोंबड्या पाळणारे अंड्याऐवजी पिंगपाँगचा चेंडू ठेवतात. कोंबडी फसते.

हे फसवणं माणसाला नेमकं कधी जमलं याचा एक चांगला पुरावा अलीकडेच मिळाला. मध्य आशियात, बुखाऱ्याच्या परिसरातल्या जुन्या वस्त्यांत अंड्याच्या कवचांचे ढीगभर तुकडे सापडले. २०२४ मध्ये त्यांचा अभ्यास ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापून आला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकापासून पुढे जवळजवळ दीड हजार वर्षं तिथले लोक इतकी अंडी खात होते की ती फक्त विणीच्या हंगामातली असणं शक्य नाही, असं संशोधक म्हणतात. कोंबडीनं ऋतूचं बंधन तिथे सैल केलं, आणि म्हणूनच ती व्यापाऱ्यांच्या वाटांनी पश्चिमेकडे पसरली. अंड्याच्या इतिहासातली ही खरी मोठी घटना. तिच्या मानानं सोन्याचं अंडं किरकोळ.

रोमन लेखकांच्या हाती पोचेपर्यंत कोंबडी पुरती गृहस्थ झाली होती. पहिल्या शतकातला कोलुमेला शेतीवरच्या ग्रंथात कोंबड्यांना जवळजवळ अर्धं प्रकरण देतो. हिवाळ्याचा तळ गाठून दिवस मोठा होऊ लागला की त्या अंड्यावर येतात, हे त्यानं टिपलं आहे. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना संख्या विषम असावी, असंही तो बजावतो. पिल्लांत कोंबडे हवे असतील तर लांबट टोकदार अंडी ठेवा, तलंगी हव्या असतील तर गोल, हा त्याचा आणखी एक सल्ला. गंमत अशी की त्याच्या आधी तीन-चारशे वर्षं ॲरिस्टॉटलनं याच्या अगदी उलट लिहिलं होतं: टोकदार अंड्यातून मादी, गोल अंड्यातून नर. दोघांपैकी एक तरी बरोबर असेल असं वाटणं साहजिक आहे, पण दोघेही चुकले. पिल्लू नर की मादी हे बलक सुटतानाच ठरून जातं आणि ते ठरतं आईकडून. माणसात लिंग बापाच्या बीजावर अवलंबून असतं, पक्ष्यांत आईच्या. कवचाचा आकार नंतर येतो आणि त्याला आतल्याची काही खबर नसते. तरी लांबट अंड्यात कोंबडा शोधणारे लोक आजही गावागावांत भेटतात, आणि त्यांचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर येत असल्यामुळे समजूत टिकून आहे.

महाराष्ट्रातल्या खेड्यात कोंबडी हा बाईच्या हातचा व्यवहार होता. शेत, बैल, म्हैस यांचा पैसा कारभाऱ्याच्या खिशात. अंडी आणि पिल्लं यांचा मिठामिरचीच्या डब्यात. आठवड्याच्या बाजाराला निघताना पदराखाली चार अंडी किंवा डालग्यात झाकलेला एक पाट्या कोंबडा असला की तेल, बांगड्या, पोराची पाटी एवढं निघायचं आणि त्याचा हिशेब कुणी विचारायचं नाही. जिच्याकडे कोंबडी घ्यायला पैसे नसत तिला शेजारीण तलंग वाट्यानं देई: सांभाळ तू कर, पिल्लं निम्मी-निम्मी. कर्जाची ही पद्धत बँकांच्या बचतगटांहून पुष्कळ जुनी, आणि व्याज स्वतःच्या पायांनी चालत येणारं.

या व्यवहाराचं चक्र तलंगीच्या पहिल्या अंड्यापासून सुरू व्हायचं. गावरान कोंबडी सहाव्या-सातव्या महिन्यात अंड्यावर येते. बारा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. पिसं फुलवून बसते, हात लावला तर टोचते, खाणंपिणं टाकते. अशा वेळी घरात दोन मतं पडतात. पिल्लं हवी असतील तर राखेचा नाहीतर भुशाचा थर दिलेल्या टोपलीत अंडी मांडून तिला रवणाला बसवायची आणि एकवीस दिवस मोजायचे. अंडी हवी असतील तर तिची खोड मोडायची: पाण्यात बुचकळायची, डालग्याखाली कोंडायची, नाकपुड्यांतून तिचंच एक पीस आरपार घालायचं. हे शेवटचं क्रूर आहे आणि पशुवैद्य ते करू नका म्हणून सांगतात. असं वर्षातून तीन-चार वेळा व्हायचं आणि वर्षाची बेरीज पन्नास-साठ अंड्यांवर थांबायची. काही काम न करता एका जागी बसून राहणाऱ्या माणसाला मराठीत ‘खुडूक कोंबडी’ म्हणतात, यात कोंबडीवर अन्याय आहे. ती तेव्हा आयुष्यातलं सर्वांत मोठं काम करत असते.

अंडी कमी का, याचं उत्तर युरोपात उजेडात होतं. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो आणि जूनमध्ये साडेसोळा तासांच्या वर जातो. कोंबडीच्या मेंदूला उजेडाचे तास मोजता येतात. ते वाढू लागले की अंडाशय जागा होतो, घटले की झोपतो. कॅनडातल्या विल्यम रोवननं १९२० च्या दशकात ऐन बर्फात लहान रानपक्ष्यांना दिव्याचा उजेड दाखवून त्यांचे जननअवयव वसंतातल्यासारखे वाढलेले दाखवले, तेव्हा शास्त्राला हे कळलं. अमेरिकेतले चतुर कोंबडीवाले त्याआधीपासूनच हिवाळ्यात कंदील लावत होते. पुण्यात हा खेळ फार रंगत नाही. इथला सर्वांत लहान दिवस साधारण अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. त्यामुळे आपल्याकडच्या कोंबडीचं वर्ष उजेडापेक्षा उन्हानं आणि दाण्यानं आखलं जातं. सुगीत खळ्यावर सांडलेलं धान्य मिळतं तेव्हा तुरे लाल होतात. वैशाखात कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्या धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच पातळ येतं. पावसाळा सरता सरता पिसं झडतात, आणि पिसं झडणारी कोंबडी अंडी घालत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरंच. उलट दिशेनं मात्र झाकता येतं: उजेड माणसाच्या हाती गेला आणि कोंबडीचं तांबडं तो म्हणेल तेव्हा फुटू लागलं.

ते घडलं अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंड-अमेरिकेत कोंबड्यांचं अक्षरशः वेड पसरलं होतं. चीनहून आलेल्या थोराड कोंबड्या राणी व्हिक्टोरियाच्या पक्षिगृहात गेल्या आणि साऱ्या सभ्य समाजाला कोंबड्या हव्याशा झाल्या. १८५२ मध्ये जॉर्ज बर्नहॅम नावाच्या अमेरिकी व्यापाऱ्यानं राणीला आपल्याकडच्या नऊ कोंबड्या नजर केल्या आणि स्वतःची जाहिरात करून घेतली. त्याच घराण्याला पुढे ‘ब्रह्मा’ हे नाव पडलं, ब्रह्मपुत्रेवरून. त्या जातीची घडण अमेरिकेत झाली, पण विकायला नाव मात्र आपल्या नदीचं! देखण्या कोंबड्यांचं ते वेड ओसरलं आणि बाजी मारली ती इटलीच्या लिव्होर्नो बंदरातून गेलेल्या एका सडपातळ, पांढऱ्या, चिडक्या कोंबडीनं. इंग्रजांनी त्या बंदराचं नाव लेगहॉर्न केलं होतं, तेच कोंबडीला चिकटलं. लेगहॉर्न खाते कमी, घालते जास्त आणि सहसा खुडूक होत नाही.

कोणती कोंबडी किती घालते हे आधी कुणी नेमकं मोजत नसे. टोपली एक, कोंबड्या दहा. मग सापळ्याची पेटी निघाली. कोंबडी आत शिरली की दार पडतं, माणूस येऊन तिच्या पायातल्या कडीचा आकडा वहीत मांडतो आणि तिला सोडतो. ऑरेगन कृषी महाविद्यालयात जेम्स ड्रायडननं अशा वह्या वर्षानुवर्षं भरल्या आणि १९१३ मध्ये त्याच्या ‘लेडी मॅकडफ’ नावाच्या कोंबडीनं वर्षात ३०३ अंडी पुरी केली. तीनशेचा टप्पा नोंदीनिशी ओलांडणारी ती पहिली. एक अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात, म्हणून रोजची वेळ थोडी थोडी पुढे सरकते आणि मध्येच एक दिवस खाडा पडतो. त्या मर्यादेत वर्षाला तीनशे म्हणजे देहाला दिलेला जवळजवळ पूर्ण ताण.

भारतात सरकारी पातळीवर कोंबडीकडे लक्ष गेलं ते आधी रोगामुळे. १९२६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल परिसरात एका नव्या साथीनं कोंबड्या मेल्या. वर्ष-दोन वर्षांत तीच साथ हिमालयातल्या राणीखेतजवळ ओळखली गेली आणि आपल्या देशात रोगाला त्या गावाचं नाव कायमचं लागलं. महाराष्ट्रातल्या बायका त्याला मानमोडी म्हणतात. मान वळते, पाय लुळे पडतात, हिरवट हागवण लागते आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं. १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही मराठी मुलखात मानमोडीच म्हणत असत. त्या शब्दातला धाक तिथून आलेला असेल. १९३९ मध्ये इज्जतनगरला कोंबड्यांवरच्या संशोधनाचा विभाग सुरू झाला आणि पुढच्या दशकात लस हाती आली. लस नसती तर पुढची एकही पोल्ट्री उभी राहिली नसती.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारचं प्रजनन केंद्र आलं, पुण्याजवळ खडकीला राज्याचं अंडी उबवणी केंद्र आलं. गावच्या कोंबड्या सुधाराव्यात म्हणून लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेडचे नर खेड्यात वाटले जाऊ लागले. कल्पना सरळ होती, अडचण तिच्या पोटातच होती. लेगहॉर्नच्या रक्तातून अंडी वाढली तशी खुडूक होण्याची ओढ घटली. अंडी घालणारी मिळाली, पण त्यांवर बसणारी कोण? पिल्लांसाठी पुन्हा केंद्राच्या दारात जायचं. ज्या बाईच्या हाती सगळं चक्र होतं तिच्या हातून त्याचा अर्धा भाग सुटला, आणि ही गोष्ट योजनेच्या कागदावर कुठेच दिसत नव्हती.

मग पुणं देशाच्या अंड्याची राजधानी झालं. आंध्रातून आलेले बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. अमेरिकेतल्या बॅबकॉक वाणाच्या शुद्ध घराण्यांवरून बीव्ही-३०० ही लेअर कोंबडी इथेच घडली. साधारण अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यात ती अंड्यावर येते आणि सोळा तासांच्या उजेडात तीनशेच्या पुढे अंडी देते. १९८२ मध्ये दलालांच्या भावाला कंटाळलेल्या कोंबडीवाल्यांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. रोजचा भाव ती जाहीर करू लागली, आणि दूरदर्शनवरच्या तिच्या जाहिरातीनं अंडं खाणं हा वाराचा प्रश्न राहू दिला नाही. श्रावणात मात्र महाराष्ट्रातला भाव आजही खाली येतो. तेवढं कुठल्याच जाहिरातीला जमलेलं नाही. या कारखानदारीनं अंडं गरिबाच्या ताटात आणलं, हे कबूल केलंच पाहिजे. तिची किंमतही आहे. लेअरच्या अंड्यातून निघणारी निम्मी पिल्लं नर असतात आणि ती पहिल्याच दिवशी बाजूला काढून संपवली जातात. परसात त्या नराला जागा होती. जत्रेला, कोकणात राखणदाराला, जावयाला तो लागायचा.

परसातली कोंबडी मेली असं मात्र झालं नाही. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून गिरिराज, हैदराबादहून वनराज आणि ग्रामप्रिया असे रंगीत, उकिरड्यावर जगू शकणारे वाण आले. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि काळ्या कोंबडीचं वेड महाराष्ट्रात शिरलं. पुढच्याच वर्षी सांगली-कोल्हापूर भागात अंडी चढ्या भावानं परत घेण्याचं आमिष दाखवून शेतकऱ्यांचे पैसे बुडवल्याचं प्रकरण गाजलं. वर्षाला शंभरच्या आतबाहेर अंडी घालणाऱ्या कोंबडीचा हिशेब कुठल्याही जाणत्या बाईनं बोटांवर मांडून दाखवला असता. त्याआधी फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली, तेव्हा मोठ्या शेडांबरोबर आदिवासी पाड्यांवरची खुराडीही रिकामी करावी लागली. एवढं होऊनही २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्षी मोजले गेले, त्यात परसातले ३१ कोटी ७० लाखांवर होते. आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी जास्त. व्यापारी शेडांतली वाढ त्या काळात पाच टक्क्यांच्याही आत होती.

या वाढीत शहराच्या कडेच्या बंगल्यांमागे आणि फार्महाउसवर आलेल्या नवख्या हौशी घरांचाही वाटा आहे, आणि तलंग अंड्यावर आली की सर्वांत जास्त घाबरगुंडी त्यांचीच उडते. पहिलं अंडं लिंबाएवढं येतं. यंत्र अजून बसायचं असतं, महिन्या-दोन महिन्यांत आकार येतो. एखादं अंडं कवचाशिवाय, नुसत्या पापुद्र्यात, हातात पाण्याच्या फुग्यासारखं येतं. एखाद्यात दोन बलक निघतात, कारण नव्या अंडाशयानं घाईत दोन सोडलेले असतात. कवचावर रक्ताचा बारीक डाग दिसतो. मग चार दिवस काहीच नाही. यातलं काहीही आजार नव्हे. कोंबडा नाही म्हणून अंडी येत नाहीत, ही आणखी एक समजूत. अंड्याला कोंबडा लागत नाही, पिल्लाला लागतो. अंड्यावर आलेल्या तलंगीचा कळपातला रुबाबही बदलतो आणि चोचाचोची वाढते. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बेनं लहानपणापासून कोंबड्या निरखून १९२२ मध्ये चोचीची ही उतरंड शास्त्राला दाखवली. टोपल्या पुरेशा ठेवल्या तर भांडणं पुष्कळ मिटतात.

खाण्यात मात्र चूक महागात पडते. लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढत्या पिल्लांच्या खाद्यात एकच टक्का. पहिल्या अंड्याच्या कितीतरी आधी लेअर खाद्य सुरू केलं तर मूत्रपिंडं बिघडतात. अंडी सुरू झाल्यावरही दिलं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून कवच घालते. घरची कवचं भाजून, अगदी बारीक कुटून वेगळ्या ताटलीत ठेवावीत. मोठे तुकडे टाकले तर तिला अंड्याची चव कळते आणि मग ती स्वतःचीच अंडी फोडते.

आणि एक काम तुरा लाल व्हायच्या आधीचं आहे. मानमोडीची पहिली लस पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबानं देतात, पुढची टोचायची लस साधारण आठव्या आठवड्यात. तलंग अंड्यावर आल्यानंतर ती टोचली तर अंडी घटतात, म्हणून ती आधीच उरकावी लागते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीची चौकशी करावी. एका कुपीत शंभर-दोनशे कोंबड्यांपुरते डोस असतात आणि फोडलेली कुपी दोन तासांपलीकडे ठेवता येत नाही, तेव्हा गल्लीतल्या चार घरांनी एकाच सकाळी आपापल्या कोंबड्या डालग्यात घालून यावं.